स्टँडावरचा प्रसाद

गोजरचा पुनवेचा नेम सगळ्या खैरशेताला पाठ होता. पुनव आली की ही बाई उजाडायच्या आत अंघोळ उरकायची, धुवट पातळ नेसायची, पिशवीत नारळ टाकायची आणि पहिल्या एसटीनं म्हशाला म्हसोबाच्या दर्शनाला जायची. सांजेला परतायची ती कुरमुरे-बत्ताशांची पुडी घेऊन. चिंचेखाली पोरं वाट बघत बसलेली असायची. आधी त्यांच्या ओंजळी, मग घरोघर चिमूट-चिमूट. मुरबाड-शहापूरच्या मधल्या त्या डोंगराकडेच्या गावात उंबरे मोजून तीसेक, पण गोजरच्या हातचा प्रसाद गेला नाही असा एकही नव्हता. "कमळू गेला, पन बायकोला देवाला लावून गेला," असं शेजारची बाईजा म्हातारी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

आता खरं सांगायचं तर त्या दहा-अकरा वर्षांत गोजर एकदाही म्हशाला गेली नव्हती. ती मुरबाडला उतरून कल्याणची गाडी धरायची आणि तिथून ठाण्याला, सरकारी दवाखान्यात. तिथं एचआयव्हीच्या गोळ्या फुकट मिळतात. हा आजार नवऱ्यानं कुठून आणला ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. कसाऱ्याला रस्त्याच्या कामावर होता, महिनोन्‌महिने घर सोडून. शेवटी अंथरुणाला खिळला तेव्हा एकदाच म्हणाला, "तू बी तपासून घे." तिनं घेतलं. आणि त्याचे दिवस उरकल्यावर पुनवेचा नेम सुरू झाला.

पुनवच का, तर महिन्याची बाटली आणि चंद्राची फेरी यांचं बरं जमायचं. एखादा दिवस मागेपुढे झालाच तर "पुनवेला गर्दी लय गो" हे उत्तर तयार. म्हशाला जाऊन यायला अख्खा दिवस कसा लागतो, हे मात्र कोणी विचारलं नाही. बाईमाणूस, त्यात एसटीचा भरवसा. दिवस मावळायच्या आत घरी आली हेच पुष्कळ. मुरबाडच्या स्टँडावर बसून ती बाटली पिशवीतल्या पिशवीत रिकामी करायची, गोळ्या कापडात बांधायची, बाटली कचऱ्यात टाकायची आणि तिथल्याच गाडीवरून कुरमुरे-बत्ताशे घ्यायची. घरी आल्यावर गोळ्या देव्हाऱ्यातल्या अंगाऱ्याच्या डब्यात. देवाच्या डब्याला हात लावायची कोणाची छाती होते?

जवळच तालुक्याला गोळ्यांची सोय झाल्याचं तिला दवाखान्यातल्या योगिनीताईनं कितीदा तरी सांगितलं होतं. ही योगिनी म्हणजे तिथली समुपदेशक, गोजरला तारीख चुकली की फोन करणारी. पण तालुक्याच्या दवाखान्यात गोजरच्या जावेचा भाऊ ड्रेसिंग करायला होता. त्याला कळलं म्हणजे गावच्या भोंग्यावरून पुकारल्यासारखंच. गोजरची पोर नम्रता सापगावला दिलेली, चांगलं घर. गोजरला शाळेत खिचडी शिजवायचं काम. एक शब्द बाहेर पडला तर पोरीचं नांदणं आणि आपल्या हातातला झारा दोन्ही जातील, ही तिची धास्ती. तिनं नम्रतालासुद्धा तो शब्द सांगितला नव्हता.

मग कोरोना आला. त्या वर्षी पाडव्याच्याच दिवशी देश बंद झाला. गुढीला वाहिलेली फुलं सुकली नाहीत तोच एसटी थांबल्या, शाळा तर आधीच बंद, टीव्हीवर दिवसभर एकच. ज्यांना आधीचा आजार आहे त्यांनी जास्त जपा, असं बातम्यांतली बाई सांगायची तेव्हा गोजर उठून चुलीपाशी जायची. अंगात एक पाहुणा ठाण मांडून बसलेलाच आहे, हा दुसरा आला तर त्याला बसवायचा कुठं, असं तिच्या मनात यायचं. तिला भीती वाटायची, आणि ती भीती कोणाजवळ बोलायची सोय नव्हती.

गावानं मात्र आपला जुना उपाय काढला. धोंडीबाबा हा गावदेवीचा भगत, पंचाहत्तरीच्या पुढचा, काठीएवढाच ताठ आणि तसाच कडक. त्याच्या आज्यानं मानमोडीच्या साथीच्या साली गावाची वेस बांधली होती आणि त्या साली खैरशेतात एकही मढं उचललं नाही, ही गोष्ट त्यानं सगळ्यांना इतक्यांदा ऐकवली होती की पोरं त्याच्या आधी शेवट सांगायची. आता कोणी हसलं नाही. पोलीस पाटील चंदरसुद्धा म्हणाला, "बाबा, बांधा वेस."

वेस बांधायची म्हणजे गावाच्या चारी अंगाला नारळ आणि लिंबू पुरायचं, अंगाऱ्याची रेघ ओढायची, वाटेवर करवंदीचे काटे टाकायचे. बाहेरून जे येईल ते वेशीवरच्या सपाट दगडावर ठेवायचं. अडीनडीला कोणी गेलंच तर परतल्यावर त्यानं शाळेत वेगळं राहायचं, ही चंदरची नवी भर. आणि गावदेवीच्या देवळात एक दिवा लावायचा. वेस सुटेपर्यंत तो विझता कामा नये. त्या दिव्याला एक बाई बसवतात. गावातल्या कोणीही काही कारणानं वेस ओलांडली तर चालेल, तिनं ओलांडायची नाही. तिनं ओलांडली की वेस मोडली, आणि पुढं गावात जे मढं पडेल ते तिच्या माथी.

कुठली बाई बसवायची यावर देवळासमोर बैठक झाली, सगळे हातहातभर लांब बसले. कोणीतरी सवाशीण बघा म्हणालं. धोंडीबाबानं काठी आपटली. "दर पुनवेला म्हशाला जानारी दुसरी बाय गावात कोन हाय ते सांगा. ऊन म्हनली नाय, पाऊस म्हनली नाय. जिचा नेम पक्का तिचा दिवा पक्का."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गोजर मागं बायकांत बसली होती. नाही म्हणावं तर कारण काय सांगावं? आपल्याच हातानं विणलेल्या जाळ्यात पाय अडकला होता. ती पुढं झाली, भगतानं दिला तो दिवा दोन्ही हातांनी घेतला आणि पाया पडली. अंगाऱ्याच्या डब्यात तेव्हा हनुमान जयंतीपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या होत्या.

दिवा सांभाळणं तिला जड नव्हतं. तेल घालायचं, वात सारायची, माश्या वारायच्या. देऊळ वेशीला लागूनच, त्यामुळं बसल्या जागेवरून काट्यांची वेस आणि तो दगड दिसायचा. तिथं जीवन आणि भाविक ही दोन तरणी पोरं पहाऱ्याला. दोघंही कल्याणकडं कामाला जाणारी, आता घरी अडकलेली, आणि हाताला काम नाही म्हणून नको तितकी कामसू झालेली. दगडावर काही आलं की ते उघडायचं, भातावर औषध मारायच्या पंपानं फवारायचं आणि भोंग्यावरून पुकारायचं: "माधुरीवैनीचा गॅस आला." "बाईजा आजीची बीपीची गोळी आली." गावाला ती करमणूकच झाली होती. गोजर ते पुकारे ऐकायची आणि डब्यात उरलेल्या गोळ्यांचा हिशेब करायची.

गोळ्या पुरवायच्या म्हणून तिनं एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. योगिनीताईचा फोन आला तेव्हा ते बोलता बोलता तोंडून गेलं. योगिनीनं असं झापलं की काही विचारू नका. "ताई, हे उपवासाचं काम नाहीये. खाडा झाला की आजार उठतो, आणि मग हीच गोळी लागू पडत नाही. आजपासून रोज घ्यायची. संपायच्या आत मी पाठवते." दवाखान्यात अर्धी जागा कोविडला गेली होती, निम्मी माणसं तिकडं लावली होती, तरी गोळ्यांची खिडकी उघडी होती. हरेश म्हणून पस्तिशीचा एक जण होता, स्वतःही याच गोळ्या घेणारा. त्याच्या मोटारसायकलला पास मिळाला होता आणि मुरबाड-शहापूरच्या गावोगावी तो गोळ्या पोचवत फिरत होता. तो परवा वेशीवर येईल, असं ठरलं.

परवा येईल आणि दगडावर ठेवील. भाविक उघडील. आणि मग भोंगा.

गोजरनं रात्रभर विचार केला. तालुक्याला पळून जावं तर दिवा. येऊ नको म्हणावं तर गोळ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडीबाबा देवीला जास्वंद वाहायला आला तेव्हा ती त्याच्या वाटेत उभी राहिली.

"बाबा, एक सांगायचंय. मी म्हशाला कवाच गेली नाय."

म्हाताऱ्याच्या हातातलं फूल हातातच राहिलं. "कवाच म्हंजे?"

"कवाच नाय. मी ठान्याला जाते. दवाखान्यात." आणि मग तिनं सगळं सांगितलं. कमळूचं, गोळ्यांचं, योगिनीबाईचं, उद्या येणाऱ्या हरेशचं. आजाराचं नाव तिनं उभ्या जन्मात गावच्या माणसापुढं पहिल्यांदा उच्चारलं. उच्चारताना खाली बघितलं.

धोंडीबाबा ते नाव ऐकून दचकला असेल तर दिसलं नाही. तो भलतंच विचारून बसला.

"आनि तो परसाद?"

"स्टँडावरचा, बाबा. मुरबाडच्या."

"म्या तो डोक्याला लावून खाल्ला," म्हातारा म्हणाला. "दहा वर्सं. दातात बत्तासा मोडत नाय म्हून पान्यात भिजवून खाल्ला." त्याचा आवाज चढत गेला. "आजार तं काय, माणसाला होतो. पन देवाला मधी कशाला घातलास गो? म्हसोबानं तुझं काय घोडं मारलं होतं?"

"खरं नाव सांगितलं असतं तं गावानं पानी दिलं असतं का मला?"

म्हाताऱ्यानं फूल देवीच्या पायाशी ठेवलं नाही, जवळजवळ टाकलं, आणि तिच्याकडं न बघता काठी टेकत निघून गेला. गोजर दिव्यापाशी बसून रडली. आपण सांगायला नको होतं असं तिला वाटलं. निदान भोंग्यावरून कळेपर्यंत एक दिवस तरी मिळाला असता.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर मोटारसायकलचा आवाज आला. हरेश तोंडाला रुमाल बांधून आला, दगडावर कागदात गुंडाळलेला पुडा ठेवून चार पावलं मागं झाला. भाविकनं पंप उचलला. "कोनाच्या घरचं?"

हरेशनं तोंड उघडायच्या आत चिंचेखालून आवाज आला. "माझं हाय ते."

धोंडीबाबा तिथं केव्हापासून बसला होता कोण जाणे. गोजर देवळाच्या पायरीवर उभी होती. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"बाबा, तुमचं?" हरेश चाचरला. त्याच्याजवळ नाव बाईचं होतं.

"योगिनीबायनं पाठवलंय ना? मंग माझंच. ठेव आनि जा, उन्हाचा उभा राहू नको."

हरेशनं म्हाताऱ्याकडं बघितलं, मग पायरीवरच्या बाईकडं. असले प्रसंग त्यानं गावोगावी पाहिले असावेत. त्यानं मान हलवली आणि गाडीला किक मारली. भाविकनं कागद सोडला. आत दोन बाटल्या, त्यांवर इंग्रजी नावं. त्यानं नेमानं फवारलं, नेमानं भोंग्यावरून पुकारलं, "धोंडीबाबांची औषधं आली." आणि हाताला काम नव्हतं म्हणून ते इंग्रजी नाव त्यानं मोबाइलवर टाकून बघितलं.

सांजेपर्यंत कळलं नाही असं गावात घर राहिलं नाही. भगताला, या वयात, तो आजार! आणि गावाचं डोकं कसं चालतं बघा: जी माणसं सकाळी त्याच्या पायाची धूळ घेत होती त्यांना संध्याकाळी त्याचं तरुणपण आठवायला लागलं. म्हशाच्या जत्रेत तो बैल बघायला म्हणून जायचा आणि तमाशाच्या तंबूत सापडायचा, असं एकानं सांगितलं. म्हणूनच लवकर रंडका झाला, असं दुसऱ्यानं जोडलं. त्याची बायको साप चावून गेली होती, हे सगळ्यांना ठाऊक असूनही कोणी बोललं नाही.

सून माधुरीनं त्याची थाळी वेगळी केली, अंथरूण पडवीत घातलं. वाईट बाई नव्हे ती. घरात दोन लहान पोरं होती आणि घाबरली होती. अंगारा मागायला येणाऱ्या बाया यायच्या थांबल्या. गावातली आशा सेविका शीतल दारोदार जाऊन सांगत होती की हा आजार ताटा-वाटीनं, शिवल्यानं होत नाही, कोरोना वेगळा आणि हा वेगळा. लोक तिच्यासमोर हो हो म्हणायचे आणि ती गेली की उंबरा धुऊन घ्यायचे.

म्हाताऱ्यानं बाटल्या फुलांच्या परडीतून देवळात आणल्या आणि दिव्यामागच्या कोनाड्यात ठेवल्या. गोजर त्याच्यापुढं आली.

"बाबा, असं कशाला केलंत? मी सांगते गावाला. आताच सांगते."

"गप बस. आता बोललीस तं तुला दिव्यावरनं उठवतील. वेस मोडल." तो वाती वळायला बसला. "वेस म्या बांधली, दिव्याला तुला म्या बसवली. बाय मेली तं दिवा कोन बघल?"

"पन तुमी खोटं बोललात."

"मानसाच्या नावानं बोललो," धोंडीबाबा म्हणाला. "देवाच्या नाय."

आता लपवायचं कशाला, गोजरला आतून सुटल्यासारखं झालं होतं. गोळी रोज मिळत होती, नाव झाकलेलं होतं, सापगावला काही कळलं नव्हतं. रात्री तिला झोप लागायची. मग सकाळी पडवीत एकटा बसून थंड भाकर मोडणारा म्हातारा दिसायचा आणि त्या झोपेचीच तिला लाज वाटायची. बाईजा तिच्याजवळ येऊन म्हणायची, "बरं झालं गो, दिव्याला तू हायेस. भगताचं तं आसं निघालं." गोजर वात सारायची आणि खाली बघायची. कोरोनापेक्षा, गोळ्या संपायच्या भीतीपेक्षा ते ऐकून घेणं तिला जास्त जड गेलं.

चैत्र गेला, वैशाख सरत आला. खैरशेतात कोणी खोकून दगावलं नाही. रोहिण्या लागायच्या आत भाताच्या रोपांसाठी राब भाजलेल्या जागा नीट करायच्या, बियाणं आणायचं, म्हणून वेस सोडायचं ठरलं. शेत कोणासाठी थांबत नाही.

वेस सोडायची रीत अशी की दिव्याची बाई दिवा घेऊन वेशीवर येते, भगताच्या हातात देते, भगत नारळ फोडतो आणि काटे बाजूला सारतात. सगळं गाव तोंडाला फडकी बांधून जमलं. धोंडीबाबा धुतलेलं धोतर नेसून आला होता. त्याच्या आजूबाजूला जागा मोकळी होती. चंदर पाटलानं घसा खाकरला. माणूस तोंडाचा गोड. "बाबांना बरं नसतं. उन्हाचं कशाला तरास? यंदा नारळ मी फोडतो." आदल्या दिवशीच घरोघर ठरलं होतं ते. म्हाताऱ्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली आणि एक पाऊल मागं सरला.

गोजर दिवा घेऊन उभी होती. चंदरनं हात पुढं केले. तिनं दिवा छातीशी धरला.

"दिवा भगताच्या हातात देतात," ती म्हणाली.

"वैनी, सगळ्यांनी ठरवलंय ते."

"त्या गोळ्या माझ्या हायेत."

पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही. तिनं पुन्हा सांगितलं. "धोंडीबाबाला काय बी झालेलं नाय. आजार मला हाय. कमळू होता तवापासून. पुनवेला मी म्हशाला जात नवती, ठान्याला गोळ्या आनायला जायाची. तुमाला दिला तो परसाद मुरबाडच्या स्टँडावरचा. बाबानं माझं नाव झाकाया आपलं पुढं केलं." ती चंदरकडं वळली. "आता दिवा मी त्यांच्याच हातात देईन. नायतर इथंच उभी राहीन."

बाईजानं तोंडावरचा पदर आणखी वर ओढला. जीवननं जमिनीकडं बघितलं, भाविकनं खिशातल्या मोबाइलवर हात ठेवला. आणि पहिला बोलला तो धोंडीबाबा, तोही रागानं.

"तुला कोनी सांगितलं होतं बोलायला? माझं काय, चार पावसाळे ऱ्हायलेत. तुझी पोर सापगावला नांदतेय."

"म्हायतीय," गोजर म्हणाली. "घ्या दिवा."

म्हाताऱ्यानं दिवा घेतला. चंदरनं नारळ मुकाट्यानं त्याच्यापुढं धरला. नारळ फुटला, काटे बाजूला झाले, वेस सुटली. खोबरं भगतानं वाटलं, लोकांनी त्याच्या हातून घेतलं. काहींनी मान खाली घालून, काहींनी पाया पडून. गोजरजवळ कोणी आलं नाही. ती देवळात परत गेली आणि कोनाडा पुसून काढला.

मग व्हायचं ते झालं. बाईजा बोअरिंगवर गोजरच्या मागून हंडा लावताना आधी दांडा धुऊन घ्यायला लागली. नम्रताच्या सासरी आठवड्यात कळलं. पोरीचा फोन आला तो नुसता रडण्याचा, मग महिनाभर आलाच नाही. पुढं आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आई, मला तरी सांगायचं होतंस." गोजर हो म्हणाली. नांदणं मोडलं नाही, पण जावई त्या दिवाळीला आला तो दारातूनच पाणीही न पिता गेला. पुढं शाळा उघडली तेव्हा खिचडीचं काम दुसऱ्या बाईकडं गेलं. कारण कोणी सांगितलं नाही. झारा आणि मोठं पातेलं गोजरनं घासून, पुसून पोचतं केलं.

पण ही सगळी पुढची गोष्ट. एसटी सुरू झाली तेव्हाची एक सांगायची राहिली.

भात लावून झालं होतं. तोवरच्या गोळ्या हरेशनंच पोचवल्या होत्या. गोजर सकाळी उठली, धुवट पातळ नेसली आणि एसटीला उभी राहिली. पिशवीत नारळ नव्हता. थांब्यावर दोघी-तिघी होत्या, त्यांनी "कुठं चाललीस" विचारलं नाही, तरी तिनं सांगितलं. "ठान्याला. गोळ्या आनाया." दवाखान्यात योगिनीनं तिला एकदम तीन महिन्यांच्या बाटल्या दिल्या. सारखी ये-जा नको, गर्दी नको, असा नवा नियम झाला होता. येताना मुरबाडच्या स्टँडावर तिनं बाटल्या रिकाम्या केल्या नाहीत. तशाच पिशवीत ठेवल्या. कुरमुऱ्यांच्या गाडीसमोर मात्र ती घुटमळली. कोणासाठी घ्यायचे? आता कोण हात पुढं करणार? मग दहा वर्षांची सवय हाताला, पुडी बांधून घेतली.

ती उतरली तेव्हा चिंचेखाली पोरं होती, पण जागची हलली नाहीत. आयांनी बजावून ठेवलं होतं. दोघी ओट्यावरून बघत होत्या. गोजर पुडी पदराआड धरून पुढं निघाली.

वेशीच्या दगडावर धोंडीबाबा बसला होता. त्यानं हात पुढं केला. "आन."

"बाबा, हा म्हशाचा नाय."

"म्हायतीय. वाढ."

तिनं त्याच्या ओंजळीत कुरमुरे घातले, वर चार बत्तासे. त्यानं ते कपाळाला लावले नाहीत. सरळ तोंडात टाकले आणि सगळ्या गावासमोर, दात नसलेल्या तोंडानं, सावकाश चघळत बसला. ओट्यावरच्या बायका बघत होत्या, पोरं बघत होती. संपल्यावर त्यानं मिशीवरचा चुरा पुसला.

"दहा वर्सं हाच खाल्ला गावानं," तो कोणाकडंही न बघता म्हणाला. "मेलं कोन?"

माधुरी ओट्यावरून उतरली. तोंडावर पदर तसाच होता, आणि हातही अगदी पुढं केला असं नाही, पदराचा सोगा पसरला. "पोरांना हवेत," ती म्हणाली. गोजरनं सोग्यात दोन मुठी घातल्या. तिच्या धाकट्यानं तिथल्या तिथं एक बत्तासा उचलून तोंडात टाकला. बाकीची पोरं आयांकडं बघत राहिली. त्या दिवशी एवढंच झालं, आणि पुडी बरीचशी भरलेलीच घरी गेली.

"आता पुनवेला परत जाशील ना?" गोजर वळताना म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाय बाबा. आता तीन महिन्यांच्या एकदम देतात."

"म्हंजे परसाद बी तीन महिन्यांनी?" धोंडीबाबाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काय गो हे. मंग जरा जास्त आनत जा."